विंध्याचे वय आणि झिरकॉनची साक्ष



साहित्याच्या व्यासपीठावरून दगडांविषयी बोलण्यासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल प्रथम आभार मानतो. या व्याख्यानमालेत आजवर कवी बोलले, नाटककार बोलले, इतिहाससंशोधक बोलले. मी भूविज्ञान शिकवणारा साधा मास्तर. माझ्या विषयात अलंकार नाहीत आणि पात्रे मुकी आहेत. पण मुक्या पात्रांकडून खरे कसे वदवून घ्यायचे, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. म्हणून धीर करून उभा आहे.

लष्करात वाढलेल्या कोणत्याही मराठी मुलाप्रमाणे मीही किल्ल्याकडे पाहत मोठा झालो. रविवारी सकाळी वडील बोट धरून उरवाई दरवाजाने वर घेऊन जात. वाटेत कातळात कोरलेल्या त्या प्रचंड जैन मूर्ती लागत. या मूर्ती कधीच्या, मानमंदिर कोणी बांधले, शिंद्यांकडे किल्ला कसा आला, हे सारे वडील सांगत. एकदा मी विचारले, "आणि हा डोंगर कधीचा?" ते थोडे थांबले आणि म्हणाले, "डोंगर पूर्वीपासूनच आहे." त्या काळी भूशास्त्रज्ञांकडेही या प्रश्नाला फार वेगळे उत्तर नव्हते. किल्ल्याचा दगड विंध्य समूहातला, त्याला कैमूर वालुकाश्म म्हणतात, एवढे ठाऊक होते. कोणत्या थरावर कोणता थर आहे, हेही ठाऊक होते. पण वर्षांचा आकडा मागितला की सारे गप्प.

तो आकडा कसा मिळू लागला, तो मिळवताना मोठमोठी माणसे कुठे अडखळली आणि त्यात मी स्वतः काय चूक केली, हे आज सांगायचे आहे. या गोष्टीचा नायक मिठाच्या कणाहूनही लहान असा एक स्फटिक आहे. त्याचे नाव झिरकॉन.

नावापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे पैठणीला जरीचा पदर असतो, शेला जरतारी असतो. त्यातला 'जर' म्हणजे फारसीतले सोने. सोन्याच्या रंगाचा तो 'जरगून'. हा शब्द अरबीच्या वाटेने युरोपात गेला आणि त्याचा झिरकॉन झाला, असे बहुतेक कोशकार मानतात. सराफ्यात जो स्वस्त 'जरकन' मिळतो, तो मात्र बहुधा कारखान्यात बनवलेला क्युबिक झिर्कोनिया असतो. दोघांत झिर्कोनियम हे मूलद्रव्य सामाईक आहे, पण वस्तू वेगळ्या. नवरत्नांतला गोमेदही आज जो विकला जातो, तो सामान्यतः गार्नेटचा एक प्रकार असतो. तेव्हा अंगठीतल्या खड्याशी आपला संबंध नाही. आपला झिरकॉन ग्रॅनाइटमध्ये, राखेत आणि नदीच्या रेतीत सापडतो. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून तो काढतात. घराच्या फरशांना पांढरी झिलई देण्यासाठी त्याची पूड वापरतात. म्हणजे तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलेला आहे. ओळख तेवढी नव्हती.

१७८९ साली मार्टिन क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने श्रीलंकेहून आलेल्या झिरकॉनमधून झिर्कोनियम हे नवे मूलद्रव्य ओळखले. त्याच वर्षी त्याच माणसाने दुसऱ्या एका खनिजातून आणखी एक मूलद्रव्य ओळखले. ते युरेनियम. ही दोन्ही मूलद्रव्ये एकाच स्फटिकात शेजारी बसून काळ मोजत असतात, हे मात्र त्याला कळणे शक्य नव्हते. किरणोत्सर्गाचा शोध लागायला अजून शंभरावर वर्षे होती.

हे काळ मोजणे कसे चालते? शिलारस थंड होऊ लागला की त्यात झिरकॉनचे स्फटिक तयार होतात. स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तीत मांडलेली बैठक. त्यात झिर्कोनियमसाठी जागा ठरलेल्या असतात. युरेनियमचा अणू आकाराने आणि विद्युतभाराने झिर्कोनियमच्या बराच जवळचा, त्यामुळे काही जागांवर तो सहज बसतो. शिशाचा अणू मात्र त्या जागेत मावत नाही, त्याला प्रवेश मिळत नाही. म्हणजे स्फटिक जन्मला त्या दिवशी त्यात थोडे युरेनियम होते आणि शिसे जवळजवळ नव्हतेच. पुढे युरेनियम आपल्या ठरलेल्या गतीने फुटत जाते आणि शेवटी त्याचे शिसे होते. हे शिसे बाहेरून आत आलेले नसते, आतच जन्मलेले असते. आज किती युरेनियम उरले आणि किती शिसे जमले, एवढे मोजले की जन्मतारीख निघते.

पण झिरकॉनचे मोठेपण पुढेच आहे. युरेनियम दोन जातींचे असते. एकाचे वजन २३८, दुसऱ्याचे २३५. पहिल्याचे निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, दुसऱ्याचे निम्मे व्हायला सुमारे ७० कोटी. पहिल्यापासून एका जातीचे शिसे बनते, दुसऱ्यापासून दुसऱ्या जातीचे. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळे, एक सावकाश चालणारे, एक भराभर चालणारे. आपल्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी असे. दोन्ही वह्यांचा मेळ बसला तर हिशेब खरा, नाही बसला तर कुठेतरी गळती आहे. झिरकॉनचेही तसेच. १६३ कोटी वर्षांच्या कणात पहिल्या जातीच्या दर १०० अणूंपैकी सुमारे २२ फुटलेले असायला हवेत आणि दुसऱ्या जातीच्या दर १०० पैकी सुमारे ८०. दोन्ही वह्या तेच वय दाखवत असतील तर कणातून काही निसटलेले नाही, असे समजायचे. वय जुळत नसेल तर शिसे गळाले आहे किंवा दोन काळांचे पदार्थ मिसळले आहेत. हा मेळ आलेखावर कसा मांडायचा, हे जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ साली दाखवले. आज जगभर तीच रीत चालते. आपली साक्ष खरी की खोटी, हे तपासण्याची सोय साक्षीदाराने स्वतःच जवळ बाळगलेली असणे, हे भूविज्ञानात फार दुर्मीळ आहे.

हा कण दगडातून काढायचा कसा? सोनारांच्या दुकानांपुढची माती गोळा करून, धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपण पाहिले असतील. आमचे कामही झारेकऱ्याचेच. दगड भरडायचा, पाण्यात घोळायचा, हलके वाहू द्यायचे, जड ठेवायचे. मग चुंबकाने लोहयुक्त खनिजे वेगळी करायची. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक कण निवडायचा. कणाची लांबी बहुधा मिलिमीटरचा दहावा हिस्सा. ते कण राळेत बसवून अर्ध्यापर्यंत घासले आणि त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकला की आतली वलये उजळून दिसतात, झाडाच्या बुंध्यावर दिसतात तशी. मध्ये जुना गाभा, भोवती नवे थर. १९८० च्या सुमारास कॅनबेरा येथे विल्यम कॉम्प्स्टन आणि सहकाऱ्यांनी असे यंत्र उभे केले, की ज्याचा आयनांचा झोत या वलयांपैकी नेमक्या एकावर पाडता येतो. त्यामुळे गाभ्याचे वय वेगळे आणि कडेचे वय वेगळे विचारता येऊ लागले.

इथे थोडे थांबून एका माणसाची गोष्ट सांगतो, कारण साक्ष घेणाऱ्याचा स्वतःचा हात स्वच्छ हवा, हे तिच्यातून कळते. १९४८ च्या सुमारास शिकागोमध्ये क्लेअर पॅटरसन या तरुणाला झिरकॉनमधले शिसे मोजायला दिले. त्याचा सहकारी जॉर्ज टिल्टन युरेनियम मोजत असे. टिल्टनचे आकडे बरोबर येत. पॅटरसनचे शिसे मात्र नेहमी अपेक्षेपेक्षा किती तरी जास्त. हे शिसे कणातले नव्हतेच. ते प्रयोगशाळेच्या हवेत, भांड्यांत, पाण्यात, त्याच्या कपड्यांवर होते. काही वर्षे खपून त्याने शिसेविरहित म्हणता येईल अशी प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ साली उल्कापाषाणांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. पण हवेत एवढे शिसे आले कुठून, हा प्रश्न त्याने सोडला नाही. उत्तर होते पेट्रोल. त्यात तेव्हा शिसे घालत. १९६५ पासून त्याने त्याविरुद्ध लिहिले आणि बलाढ्य उद्योगाचा रोष पत्करला. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. आपली नातवंडे आज जो थोडा बरा श्वास घेतात, त्याचा एक धागा झिरकॉनच्या कणातले न जुळणारे शिसे मोजण्यापर्यंत जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कणाचे वय मिळाले म्हणजे दगडाचे वय मिळाले का? नाही. इथेच भल्याभल्यांची फसगत होते.

आपल्या सभेत मोडी कागद वाचणारी मंडळी बसली आहेत. त्यांना हा फरक एका वाक्यात कळेल. लढाईच्या रात्री छावणीतून लिहिलेले पत्र हे समकालीन साधन. त्यावरची तारीख हीच घटनेची तारीख. पण दप्तरातला रुमाल सोडला तर आत निरनिराळ्या सालांचे कागद निघतात. रुमाल बांधला कधी? त्यातला सर्वांत नवा कागद ज्या तारखेचा, त्यापूर्वी तो बांधला गेला नसणार. पण त्यानंतर दुसऱ्या दिवशी बांधला की शंभर वर्षांनी, हे कागद सांगत नाहीत.

झिरकॉनही या दोन रूपांत भेटतो. झाशीचा किल्ला ज्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर उभा आहे, तो बुंदेलखंडचा ग्रॅनाइट शिलारसातून थिजला. त्यातला झिरकॉन त्याच वेळी त्याच जागी जन्मला. ते समकालीन पत्र. त्यावरची तारीख सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीची आहे. पण ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा वालुकाश्म म्हणजे रुमाल. तो रेतीचा बनला. ती रेती कुठकुठल्या झिजलेल्या डोंगरांची. तिच्यातला प्रत्येक झिरकॉन आपापल्या मूळ खडकाची तारीख सांगतो, वालुकाश्म कधी साचला ते सांगत नाही.

रुमालातले कागद मात्र कधी कधी अमोल असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथला गोट्यांचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा. पण २००१ साली त्यातल्या एका झिरकॉन कणाचे वय सुमारे ४४० कोटी वर्षे प्रसिद्ध झाले. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी. ज्या खडकात तो कण जन्मला, तो केव्हाच झिजून नाहीसा झाला. कण तेवढा उरला. अशा प्राचीन कणांतल्या ऑक्सिजनच्या जातींचे प्रमाण पाहून संशोधक सांगतात की ते ज्या शिलारसातून आले, त्याच्या घटकांचा पूर्वी कधी तरी द्रव पाण्याशी संबंध आलेला असावा. म्हणजे ज्या काळाची कल्पना आपण केवळ धगधगता गोळा अशी करत होतो, त्या काळी पाणी असावे. त्या पृथ्वीचा एकही दगड आपल्याजवळ नाही. दप्तर जळून गेले, एक चिटोरा हाती राहिला आणि त्याने एवढे सांगितले.

आता आपल्या विंध्याकडे येऊ.

१९९८ साली विंध्याच्या खालच्या थरांविषयी दोन शोध प्रसिद्ध झाले. पहिला जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ झायलाखर, त्यांचे भारतीय सहकारी प्रदीप बोस आणि फ्रीडरिख फ्ल्यूगर यांचा. सीधी जिल्ह्यातल्या चुरहट परिसरातल्या वालुकाश्मावर त्यांना नागमोडी खाचा दिसल्या. त्या कृमीसारख्या प्राण्यांनी पोखरलेल्या वाटा आहेत आणि त्या १०० कोटी वर्षांहून जुन्या आहेत, असे त्यांनी लिहिले. त्या काळी प्राण्यांचा सर्वमान्य पुरावा ६० कोटी वर्षांच्या मागे जात नव्हता. दुसरा शोध डॉ. रफत आझमी यांचा. वरच्या रोहतास चुनखडकात आपल्याला सूक्ष्म कवचधारी जीवाश्म मिळाले असून ते कँब्रियन काळातले, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, असे त्यांनी मांडले. दोन्ही बरोबर असू शकत नव्हते. आझमी बरोबर असतील, तर झायलाखर यांच्या खाचांत नवल काही उरत नव्हते आणि विंध्याचे पाठ्यपुस्तकातले वय निम्म्याने घटत होते.

आझमींच्या वाट्याला फार कठोर दिवस आले. काहींनी तिथे जाऊन नमुने घेतले, त्यांना तसे जीवाश्म मिळाले नाहीत. जीवाश्म खरे आहेत का, इथपर्यंत प्रश्न गेला. हिमालयातल्या जीवाश्मांचे एक बनावट प्रकरण आमच्या क्षेत्रात तेव्हा ताजे होते, त्यामुळे संशयाला जागा फार झाली होती. मी तेव्हा वर्गात शिकवत होतो. एका विद्यार्थ्याने आझमींच्या लेखाविषयी विचारले. मी फळ्यावर विंध्याचे थर काढले आणि म्हणालो, "हे वय शक्यच नाही, तेव्हा त्या वस्तूही खऱ्या असू शकत नाहीत. यावर वेळ घालवू नका." मुले हसली. मीही हसलो. ते हसू मला पुढे बराच काळ टोचत राहिले. का, ते सांगतो.

विंध्याच्या खालच्या थरांत, सोन नदीच्या खोऱ्यात, चिनी मातीसारखा कठीण, गुळगुळीत खडक मिळतो. त्याला पोर्सेलनाइट म्हणतात. तो मुळात ज्वालामुखीची राख. राख समुद्रात पडली, तळाशी बसली, गारेसारखी घट्ट झाली. राखेतला झिरकॉन उद्रेकाच्या थोडाच आधी जन्मलेला असतो. म्हणजे रुमालांच्या गठ्ठ्यात अचानक एक समकालीन पत्र. २००२ साली दोन स्वतंत्र गटांनी हे पत्र वाचले. एका गटाने देवनार भागातल्या राखेचे वय १६३ कोटी १० लाख वर्षे काढले. दुसऱ्या गटाने चुरहट वालुकाश्माच्या खालची राख सुमारे १६३ कोटी वर्षांची आणि वरची सुमारे १६० कोटी वर्षांची असल्याचे दाखवले. वालुकाश्म दोघांच्या कैचीत सापडला.

आता दोन्ही शोध अडचणीत आले. खाचा प्राण्यांच्या असतील तर प्राणी १६० कोटी वर्षांपूर्वीपासून हवेत आणि मधल्या १०० कोटी वर्षांत त्यांचा माग नाही, असे मानावे लागते. आज बहुतेक संशोधक त्या खाचांना प्राण्यांच्या वाटा मानत नाहीत. आझमींचे ५४ कोटी तर पार मागे पडले. माझ्या मते प्रकरण तिथे संपले होते.

पण स्वीडनचे स्टेफान बेंग्ट्सन यांनी ते संपले असे मानले नाही. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चित्रकूट परिसरातल्या त्याच वयाच्या थरांतून पुन्हा नमुने घेतले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जीवाश्म आहेत. आझमींनी पाहिलेल्या वस्तू खऱ्या आहेत. त्यातले काही गोल आकार मात्र जीव नसून शेवाळी थरात अडकलेल्या वायूचे बुडबुडे आहेत. आणि ज्या खडकात हे सारे आहे त्याचे शिशावरून काढलेले वय सुमारे १६५ कोटी. म्हणजे वस्तू खऱ्या, तारीख चुकलेली, तीही १०० कोटी वर्षांनी.

पुढे त्याच गटाने क्ष-किरणांनी त्या तंतूंच्या आत पाहिले. पेशी दिसल्या, पेशींची रचना दिसली. २०१७ साली त्यांनी मांडले की हे तंतू लाल शैवालाचे असावेत, तोवरच्या मान्य पुराव्यापेक्षा सुमारे ४० कोटी वर्षांनी जुने. आपण ज्या कुळातले, झाडेझुडपे, माणसे, ज्यांच्या पेशीला केंद्रक असते अशा सर्वांच्या इतिहासातले हे एक अतिशय जुने पान ठरते. त्या शैवालाला त्यांनी नाव दिले 'रफतआझमिया चित्रकूटेन्सिस'. ज्या माणसाची वस्तूच खोटी असे मी वर्गात सांगितले, त्याचे नाव त्या वस्तूला मिळाले.

मला टोचले ते हे. झिरकॉनने आझमींची तारीख चुकीची ठरवली, हे खरे. पण मी त्याच्या पुढे गेलो. तारीख चुकली म्हणून वस्तू खोटी, असा निवाडा मी दिला. वस्तू काय आहे हा एक प्रश्न आणि ती कधीची आहे हा दुसरा. एकाचे उत्तर चुकले तर दुसऱ्याचेही चुकलेच पाहिजे, असा नियम नाही. एखाद्या पत्रावर कारकुनाच्या हातून साल चुकले असेल, म्हणून पत्र बनावट ठरत नाही. इतिहाससंशोधक हे जाणतात. मी विज्ञानाचा मास्तर असून विसरलो.

याच्या उलट गोष्टही आपल्या प्रांतात घडली. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहा आपल्या वाकणकरांनी १९५७ साली जगापुढे आणल्या. २०२१ साली परदेशी आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने तिथल्या एका गुहेच्या छताशी पानासारखा रेघारेघांचा ठसा पाहिला आणि तो डिकिन्सोनिया या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे विंध्याचे वरचे थर ५५ कोटींचे. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. मग दुसऱ्या गटाने जाऊन नीट पाहिले. ठसा कुजत, झडत चालला होता. त्यात मधाच्या पोळ्याची घरे दिसत होती. ते आग्या मोहोळाचे उरलेले अवशेष होते! २०२३ साली हे प्रसिद्ध झाले आणि पहिल्या गटाच्या प्रमुखांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. इथे तारीख सोडाच, वस्तूच चुकली होती.

यात झिरकॉनने काय सांगितले होते? विंध्याच्या वरच्या वालुकाश्मांतले सर्वांत तरुण कण सुमारे १०२ कोटी वर्षांचे आहेत. पण रुमालाचा नियम आठवा. थर १०२ कोटींहून जुना नाही, एवढेच यातून ठरते. तो ५५ कोटींचा असूच शकत नाही, असे एकटा झिरकॉन सांगत नाही. त्यासाठी दुसरे साक्षीदार हवेत. पन्नाजवळ मझगवां येथे हिऱ्यांची खाण आहे. तिथला हिऱ्यांचा खडक कैमूर वालुकाश्माला भेदून वर आला आहे, म्हणजे कैमूर त्याच्या आधीचा. त्या खडकातल्या अभ्रकाचे वय सुमारे १०७ कोटी. शिवाय त्या खडकात गोठलेली चुंबकाची दिशा आणि विंध्याच्या वरच्या थरांतली दिशा एकमेकींशी जुळते. तीन साक्षी एकत्र ठेवल्या की चित्र उभे राहते. वडिलांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले: आपल्या किल्ल्याचा दगड किमान १०७ कोटी वर्षांचा आहे.

आपल्यातल्या पुष्कळांची मूळ घरे सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत, म्हणून त्याविषयीही थोडे. रायगड, प्रतापगड, सिंहगड ज्या काळ्या बेसॉल्टवर उभे आहेत, त्यात झिरकॉन सहसा तयारच होत नाही. मग त्या लाव्ह्याचे वय झिरकॉनवरून कसे काढणार? घाटातून जाताना काळ्या कातळात मध्येच तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळाचा तो. त्या काळात दुसरीकडून उडालेली राख तिथे पडली आणि राखेबरोबर झिरकॉन आला. २०१५ साली ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी असे कण वेचून दाखवले की मुख्य उद्रेक डायनासोर नाहीसे होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाले आणि साधारण साडेसात लाख वर्षे चालले. हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. २०१९ साली मात्र एकाच वेळी दोन निबंध आले. झिरकॉनवाले म्हणाले, लाव्हा उचक्याउचक्यांनी आला. बेसॉल्टमधल्या आर्गॉन वायूवरून मोजणारे म्हणाले, बराचसा सलग आला. घड्याळे दोन्ही चांगली आहेत. वाद आहे तो कोणता कण नेमकी कोणती घटना सांगतो, याचा. प्रश्न पुन्हा तोच, पत्र की रुमाल.

मंडळी, आपल्या वस्तू जितक्या जुन्या तितक्या थोर, असे मानण्याची आपल्याला फार सवय आहे. गाव जुने, देऊळ जुने, भाषा जुनी, घराणे जुने. कोणी वय कमी सांगितले की अपमान वाटतो, वाढवून सांगितले की टाळ्या पडतात. दगडांचा अभ्यास करून मला एवढे कळले की वय हा मान नाही आणि अपमानही नाही. वय ही फक्त माहिती. ती मिळाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, की ही तारीख कशाची आहे? कणाच्या जन्माची, त्याच्या प्रवासाची, की तो जिथे स्थिरावला त्या थराची?

झिरकॉनच्या कणात मध्ये जुना गाभा असतो आणि भोवती नव्या जागी वाढलेले थर. कोणते वय खरे, असे विचारले तर दोन्ही खरी. आपण इथे येऊन सहा-सात पिढ्या झाल्या. कोणी विचारते, तुम्ही मूळचे कुठले? कोणी म्हणते, तुम्ही इथलेच. मला दोन्ही प्रश्नांचा आता राग येत नाही. गाभ्याची तारीख वेगळी, कडेची वेगळी, कण एकच.

त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपैकी एक-दोघे आज इथे बसले आहेत, असे दिसते. त्यांना मी तेव्हा जे सांगितले ते अर्धे चूक होते, हे आज या व्यासपीठावरून सांगून टाकतो. उशीर झाला आहे, पण आमच्या विषयात एवढा उशीर चालतो.